दोन लिटरांची सवलत, एका बाटलीचा गुन्हा

'मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९' या कायद्याच्या आरंभीच्या व्याख्यांत 'आयात' या शब्दाची एक विलक्षण व्याख्या आहे. केंद्र सरकारने ठरवलेली सीमाशुल्काची सरहद्द ओलांडून जे येते ते सोडून, राज्यात बाहेरून जे काही आणले जाते ते 'आयात', असा तिचा आशय. आपण रोजच्या बोलण्यात ज्याला आयात म्हणतो, म्हणजे परदेशातून आणलेला माल, नेमका तोच या कायद्याच्या लेखी आयात नाही; आणि बांद्याच्या पलीकडून, म्हणजे भारतातूनच, भारतातच आणलेली बाटली मात्र आयात आहे. व्याख्या चुकीची नाही, कायद्याच्या दृष्टीने ती अचूकच आहे. पण साहित्याच्या वाचकाने कधीकधी कायदेही वाचावेत असे प्रस्तुत लेखकाला वाटते ते अशा जागांसाठी. 'परका' कोण आणि 'आपला' कोण याचे उत्तर अग्रलेखांपेक्षा व्याख्यांच्या कलमांत अधिक प्रामाणिकपणे दिलेले असते.

ही व्याख्या ज्या दोन माणसांच्या वाट्याला दोन निरनिराळ्या तऱ्हांनी येते, त्यांच्याबद्दल थोडे.

पहिला माणूस विमानाने परदेशातून येतो. केंद्राच्या प्रवासी-सामानविषयक नियमांनुसार त्याला दोन लिटर मद्य शुल्क न भरता आणता येते. परदेशी मद्यावरचे मूळ सीमाशुल्क आपल्याकडे बराच काळ दीडशे टक्के राहिले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही सवलत किती मोलाची ते कळेल. बाटली परदेशातच घ्यायला हवी असेही नाही. मुंबईला उतरल्यावर सामानाचा पट्टा फिरू लागण्याआधीच 'ड्यूटी फ्री'चे झगझगीत दुकान लागते. भारताच्या भूमीवर उभ्या असलेल्या या दुकानातली विक्री भारतात झालेली नाही, असे कायदा मानतो. बंगळूरच्या विमानतळावरील अशाच दुकानांच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माल सीमाशुल्काची सरहद्द ओलांडण्यापूर्वी ही विक्री होते, म्हणून राज्याला तिच्यावर विक्रीकर लावता येणार नाही. पायाखालची फरशी कर्नाटकाची, पण व्यवहार कर्नाटकाबाहेरचा! (या दुकानांची कल्पना मुळात आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर १९४७ साली ब्रेंडन ओरेगन यांनी प्रत्यक्षात आणली. अटलांटिक ओलांडणारी विमाने तिथे इंधनासाठी थांबत, आणि थांबलेल्या प्रवाशाचा खिसा हलका करण्याचा तो एक सभ्य मार्ग होता.)

दुसरा माणूस बसने किंवा मित्राच्या गाडीने गोव्याहून येतो. त्याने म्हापशाच्या दुकानातून रोख पैसे देऊन, गोवा सरकारचा कर भरून, एक बाटली घेतलेली आहे. बांदा-इन्सुलीच्या परिसरात गाडी थांबवली जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'गोवा बनावटीची दारू जप्त' अशी ओळ येते, आणि त्या बातमीत ट्रकभर खोकी नेणारा व्यापारी व पिशवीत एक बाटली ठेवलेला सहलीचा प्रवासी यांच्यासाठी एकच नाम वापरले जाते: 'तस्कर'. कायद्याचे १२ वे कलम दारूची आयात, वाहतूक आणि ती बाळगणे यांना मनाई करते. ६५ वे कलम त्याबद्दल तुरुंगवासाची शिक्षा सांगते. गाडीही मुद्देमाल होऊ शकते. २०२२ साली तत्कालीन राज्य उत्पादन शुल्क मंत्री शंभूराज देसाई यांनी गोव्यातून वारंवार दारू आणणाऱ्यांवर 'मकोका' लावण्याचे सूतोवाच केले होते. संघटित गुन्हेगारीच्या टोळ्यांसाठी केलेला हा कायदा. टोळ्यांना तो लावावा, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती टोळी आणि सहल यांच्यात फरक करणारी एकही रेघ त्या नाक्यावर आखलेली नाही याबद्दल.

विमानतळावर अशी रेघ आहे. दोन लिटर, एवढीच ती रेघ आहे. तिच्या अलीकडचा माणूस प्रवासी, पलीकडचा शुल्क भरणारा किंवा लपवणारा. रेघ असली की अधिकाऱ्याला माणसाची नियत ओळखण्याचे काम उरत नाही, आणि प्रवाशालाही त्याच्यासमोर गयावया करावी लागत नाही. जिथे आकडा नसतो तिथे मर्जी असते. आणि मर्जी जिथे असते तिथे काय घडते ते महाराष्ट्राच्या कोणत्याही नाक्यावरून गेलेल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

कुणी म्हणेल, विमानातला प्रवासी केंद्राच्या कायद्याखाली येतो आणि बसमधला राज्याच्या. त्यात पक्षपात कसला? हे उत्तर खरे आहे आणि तेवढ्यापुरते पुरेसेही आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सीमाशुल्क केंद्राच्या यादीत आहे, तर मादक पेये आणि त्यांवरचे उत्पादन शुल्क ही राज्याच्या यादीत आहेत. पण या वाटणीचे मूळ कुठे होते हे पाहण्यासारखे आहे. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्याचा निकाल दिला. दारूबंदीच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत गाजलेला खटला. मुंबईच्या या नागरिकाने मागितले काय होते? व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, त्याबरोबरच यू-डी-कोलोन आणि लव्हेंडरचे पाणी बाळगण्याचा व वापरण्याचा अधिकार. आणि सीमाशुल्काची सरहद्द ओलांडून ते आणण्या-नेण्याचा अधिकार. म्हणजे आपला प्रश्न तेव्हाही हजर होता. परदेशातून माल आणण्याचा विषय केंद्राचा असताना प्रांताचा कायदा त्यात शिरतो, असा आक्षेप होता. न्यायालयाने सांगितले की कायद्याचा गाभा मादक पेयांचा आहे, आणि तो प्रांताचाच विषय आहे. औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंपुरती काही कलमे रद्द झाली. बाकी कायदा टिकला. त्याच निकालात सैनिकांच्या उपाहारगृहांना आणि परदेशी पाहुण्यांना दिलेल्या सवलती समतेच्या तत्त्वाला बाधक नाहीत असेही ठरले.

ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दारूबंदीचा कायदा कडक स्वरूपात अस्तित्वात आला तेव्हापासूनच त्यात पाहुण्यासाठी एक खिडकी होती. ज्याला कायद्याची सवय नाही, ज्याचा मुक्काम थोड्या दिवसांचा आहे, त्याच्यावर एकदम सगळा भार टाकू नये, असा त्यामागचा विचार. विचार समंजस आहे. फक्त हा समंजसपणा लंडनहून आलेल्यापुरता राहिला. पणजीहून आलेल्यापर्यंत पोचला नाही. १९५१ मध्ये तसे होण्याला कारण होते: पणजी तेव्हा खरोखरच परदेशात होती. १९ डिसेंबर १९६१ नंतर ती परदेशात नाही. पण पोर्तुगालच्या काळात ज्या वाटेने चोरटा माल येई त्याच वाटेवर आजही तपासणी चालू आहे, आणि मधल्या काळात ज्या एका पदार्थापुरती सरहद्द हलली नाही तो पदार्थ म्हणजे दारू. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. राज्यांच्या सीमांवरचे करवसुलीचे नाके उठले, ट्रकांच्या रांगा ओसरल्या, एक देश-एक कर म्हणून मध्यरात्री संसदेत घंटा वाजली. मानवी सेवनासाठीचे मद्य मात्र घटनेतच या करातून वगळलेले आहे. साबण, सायकल, सिमेंट यांच्यासाठी भारत एक झाला. बाटलीसाठी तो अजून संस्थानांचा समुच्चयच आहे.

संस्थाने म्हटली की मंगरूळपीरच्या माणसाला ती इतिहासाच्या पुस्तकातून शिकावी लागत नाहीत. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, तेव्हापासून जवळजवळ एक शतक आमच्या दक्षिणेला, वाशीमच्या पुढे, एक खरीखुरी सरहद्द होती. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. संस्थानाची स्वतःची करोडगिरी होती, म्हणजे स्वतःचे सीमाशुल्क खाते. स्वतःची अबकारी होती, आणि तिचे उत्पन्न संस्थानाच्या तिजोरीचा मोठा आधार होते. वाशीमहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कन्हेरगावाच्या नावामागे 'नाका' हा शब्द आजही लागतो. दोन अंमलांत दोन दर असले की त्यांच्या मधल्या गावांत एक तिसरा धंदा उभा राहतो, हे कळण्यासाठी अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि पुढे करोडगिरीही गेली. वाशीम आणि हिंगोली आता शेजारचे दोन जिल्हे आहेत, बाटलीचा दर दोन्हीकडे सारखाच आहे, आणि त्या रस्त्याने दारू पळवण्याचे कारणच कुणाला उरलेले नाही. तस्करीला मारण्याचा याहून परिणामकारक उपाय आजवर सापडलेला नाही.

सरकारला हे ठाऊक नाही असे नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचे उत्पादन शुल्क तीनशे टक्क्यांवरून दीडशे टक्क्यांवर आणले, तेव्हा दिलेल्या कारणांत एक कारण उघडपणे हेच होते की इतर राज्यांतून होणारी चोरटी आवक थांबावी. म्हणजे स्कॉच पिणाऱ्याच्या बाबतीत राज्याने मान्य केले की दोष दराच्या फरकाचा आहे, प्रवाशाच्या चारित्र्याचा नाही. जून २०२५ मध्ये मात्र भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर गेले. ('भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' हा शब्दप्रयोगही चिंतनीय आहे, जे इथे बनते, इथे विकले जाते आणि इथेच रिचते, त्याला विदेशी म्हणायचे, आणि ते गोव्याहून आले तर त्याला आयात म्हणायचे.) तिजोरीला पैसा हवा आहे, हे समजण्यासारखे आहे. पण गोव्याचा आणि महाराष्ट्राचा दर यांतले अंतर जेवढे रुंदावेल तेवढी बांद्याच्या नाक्यावरची शिकार वाढेल, आणि ती शिकार पुन्हा 'दारूबंदी' या पवित्र नावाखाली मोजली जाईल. बंदीच्या कायद्याने उत्पन्नाची राखण करायची आणि उत्पन्नाच्या खात्याने बंदीची, अशी ही परस्परांची चौकीदारी आहे.

इथे समृद्धी महामार्गाचे उदाहरण घ्यावेसे वाटते, कारण त्यात सगळ्या गाठी एकत्र येतात. डिसेंबर २०२२ मध्ये या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि मंगरूळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारला त्यावरून उतरण्याची सोय झाली. आता कल्पना करा, आमच्या तालुक्यातला एक जण कतारमध्ये नोकरीला आहे आणि दोह्याहून नागपूरला उतरला. कतारमध्ये त्याला बाटली आत नेता येत नव्हती; बाहेर पडताना मात्र विमानतळावरच्या दुकानात ती मिळाली. नागपूरला केंद्राच्या नियमाने दोन लिटर माफ, तो निर्धास्त बाहेर येतो. गाडी समृद्धीला लागते आणि थोड्याच वेळात वर्धा जिल्ह्यात शिरते. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. ज्या बाटलीला देशाच्या सीमेवर सन्मानाने आत घेतले, ती आता, त्याच देशात, त्याच राज्यात, पोलिसांच्या पंचनाम्याचा विषय होऊ शकते. पुढे अमरावती जिल्हा लागतो. तिथे ती पुन्हा नुसती बाटली होते. मग कारंजा, मग शेलूबाजार. घरी पोचल्यावरही काटेकोर बोलायचे तर ती बाळगायला राज्याचा परवाना हवा. परवाना काढायला हे लागते, ते लागते, आणि कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. गोव्यात हे वय एकवीस आहे. चोविसाव्या वर्षी पणजीत सभ्यपणे ग्लास हाती धरणारा तरुण सावंतवाडीत पोचेपर्यंत अज्ञान होतो.

या प्रवासात त्या माणसाला चार निरनिराळ्या सरहद्दी लागल्या. त्या सगळ्या सारख्याच निरर्थक आहेत, असा या विवेचनाचा निष्कर्ष काढला जाईल, आणि उदारमतवादी वर्तुळांत तो काढण्याची फॅशनही आहे. मला तो मान्य नाही. वर्ध्याची सरहद्द आणि बांद्याची सरहद्द यांत मूलभूत फरक आहे, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा भार या फरकावर आहे.

बांद्याची सरहद्द तिजोरीने आखलेली आहे. तिच्या अलीकडे दारू मुबलक आहे, परवानाधारक दुकाने आहेत, शासनाच्या अंदाजपत्रकात तिच्या उत्पन्नाचा रकाना आहे. गोव्याची बाटली तिथे अडवली जाते ती कुणी पिऊ नये म्हणून नव्हे. महाराष्ट्राचीच प्यावी म्हणून. वर्ध्याची सरहद्द गांधींच्या सेवाग्रामच्या स्मृतीने आखली. गडचिरोलीची, १९९३ मध्ये, लोकांनी चळवळ करून आखून घेतली. अभय आणि राणी बंग यांचे नाव त्या चळवळीशी जोडलेले आहे. चंद्रपूरची सरहद्द बायकांनी पायांनी आखली: डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर पदयात्रा गेली, आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. कारण दिले गेले अवैध दारूचे. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यांतून दारू येत राहिली, ती थोपवता आली नाही, म्हणून बंदीच नको. जे राज्य बांद्याला पिशवीतली एक बाटली शोधून काढू शकते त्या राज्याला चंद्रपूरच्या हद्दीवर ट्रक दिसले नाहीत, असे मानणे मला जड जाते. बांद्याला महसूल जात होता. चंद्रपूरला महसूल येत नव्हता. दृष्टी त्याप्रमाणे तीक्ष्ण किंवा मंद झाली.

आणि त्याहून लहान सरहद्दी गावांच्या आहेत. 'उभी बाटली, आडवी बाटली' या नावाने विदर्भात सर्वपरिचित असलेले मतदान म्हणजे २००८ च्या शासकीय आदेशाने स्त्रियांच्या हाती आलेली एक शिसपेन्सिल आहे: गावातल्या पंचवीस टक्के स्त्रियांनी मागणी केली तर मतदान होते, आणि निम्म्यांहून अधिकींनी बाटली आडवी केली तर दुकान बंद होते. यातली पहिली अट पूर्ण करताना किती घरांत भांडणे झाली असतील, सही करणाऱ्या किती जणींनी त्या रात्री मार खाल्ला असेल, हे कोणत्याही आदेशात लिहिलेले नसते. दुकान बंद झाल्यावर पाच किलोमीटरवरच्या गावातून पोत्यात भरून दारू येते, आणि तिला अडवायला कुणीही नसते. इथे सरहद्द राखण्याची खरी गरज आहे आणि इथेच मनुष्यबळ कमी पडते.

तेव्हा माझे म्हणणे असे. राज्याच्या सीमेवर, स्वतःच्या वापरासाठी, बिलासह, केंद्राच्या नियमाइतकीच दोन लिटरांची मुभा महाराष्ट्राने कायद्यात लिहावी. त्यापुढच्या प्रमाणाला दंड हवा तेवढा असावा. बंदी असलेल्या जिल्ह्यांना आणि गावांना ही मुभा लागू नसावी. परदेशाहून आलेल्या बाटलीलासुद्धा तिथे वेगळा मान नको. समृद्धीवरून थेट पुढे जाणाऱ्या प्रवाशासाठी सीलबंद बाटलीपुरता वाटेचा हक्क सहज लिहिता येईल. वर्ध्यात उतरणाऱ्याला तो नसेल.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा की मुभा दिली की तिचा धंदा होईल; बसमधल्या चाळीस प्रवाशांच्या हाती दोन-दोन बाटल्या देऊन कुणीतरी ऐंशी बाटल्या आणील. होईल, थोडेफार होईलच. युरोपीय संघाने १९९३ मध्ये अंतर्गत सीमा उघडल्या तेव्हा हाच प्रश्न होता. इंग्लंडमध्ये दर चढे, फ्रान्समध्ये उतरते. कॅलेच्या बंदरातून गाड्या भरभरून मद्य येऊ लागले. त्यांनी स्वतःच्या वापरासाठी म्हणून मानायचे अंदाजी प्रमाण ठरवले: दहा लिटर कडक मद्य, नव्वद लिटर वाइन, एकशे दहा लिटर बिअर. त्यापुढे गेलात तर तो धंदा नाही हे पटवून द्यायची पाळी येऊ शकते. एकशे दहा लिटर बिअर! इंग्लंडची तिजोरी त्याने बुडाली नाही. आपण तर इथे दोनच लिटर मागतो आहोत. आणि चाळीस माणसांच्या हातून ऐंशी बाटल्या आणण्याचा खटाटोप करणाऱ्यापेक्षा एका टँकरच्या कप्प्यात आठशे खोकी लपवणारा अधिक महत्त्वाचा आहे, हे नाक्यावरच्या शिपायालाही कळते. त्याच्याकडे पाहायला आज त्याला वेळ होत नाही, कारण तो सहलीहून परतलेल्या पोरांच्या पिशव्या उघडून पाहण्यात गुंतलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घटनेचे ४७ वे कलम राज्याने मादक पेयांना आळा घालण्याचा प्रयत्न करावा असे सांगते, आणि मुभा वाढवणे हे त्याच्या उलट आहे. ४७ व्या कलमाबद्दल मला आदर आहे. पण तो आदर राज्याने आधी आपल्या अंदाजपत्रकात दाखवावा. ज्या दिवशी शासन उत्पादन शुल्काच्या वाढीव उद्दिष्टाची बातमी देण्याचे थांबवील, त्या दिवशी बांद्याला माझी पिशवी मी स्वतः उघडून देईन.